मापाडी आणि गुराखी

गोव्यातील साखवाळ या गावी, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी, एक तरुण नारळीच्या बागेची देखरेख करीत असे आणि उरलेल्या वेळात हाती लागतील ती मराठी पुस्तके व मासिके वाचीत असे. शाळेतील त्याची मजल मराठी चार-पाच इयत्तांपलीकडे गेली नव्हती. प्रकृती नाजूक, लग्न लहान वयातच झालेले, आणि पुढे काय करावयाचे याचा काहीच निश्चय नाही, अशी त्याची अवस्था होती. एके दिवशी ‘बालबोध’ या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकाचा अंक त्याच्या वाचनात आला. त्यात गौतम बुद्धाचे छोटेखानी चरित्र छापले होते. तो अंक कितीतरी घरांत गेला असेल, वाचला गेला असेल आणि यथाकाल रद्दीतही पडला असेल. साखवाळच्या या वाचकाचे लक्ष मात्र त्या मजकुरावर जे जडले, ते पुढील पन्नास वर्षे तेथून हलले नाही. हा तरुण म्हणजे पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६. मृत्यू ४ जून १९४७, सेवाग्राम येथे.

कोसंबींचे चरित्र सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ते त्यांनी स्वतःच १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात अतिशय साध्या भाषेत सांगितले आहे, आणि ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे. मला बोलावयाचे आहे ते लक्षाविषयी. ‘तुझे लक्ष नाही’ ही तक्रार आपल्या घराघरांतून रोज ऐकू येते. आई मुलाजवळ करते, मास्तर विद्यार्थ्याजवळ करतात, पत्नी पतीजवळ करते. पण लक्ष नाही म्हणजे ते नाहीसे झाले, असे कधी होत नाही. ते दुसरीकडे कोठेतरी असते. आज दिवसभर आपण काय केले याचा हिशेब आपण कामांच्या यादीवरून मांडतो. मन कोठकोठे जाऊन आले याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. वास्तविक समाधान अथवा असमाधान पदरी पडते ते या दुसऱ्या हिशेबातून. कोसंबींनी आयुष्यातील उमेदीची वर्षे ज्या ग्रंथाला दिली, तो पाली ग्रंथ या दुसऱ्या हिशेबाचीच वही आहे, आणि म्हणून त्यांची आठवण येथे काढावयाची.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे साहाय्य मिळाले. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये नेपाळ पाहिला; तेथील बौद्ध धर्माची अवकळा पाहून त्यांची निराशा झाली. मग सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास. नंतर कलकत्त्यास अध्यापन. तेथील अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी श्रीमंत सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले, ते अशा अटीवर, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहून द्यावा. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० चे त्यांचे पुस्तक बडोद्यातील व्याख्यानांतूनच सिद्ध झाले. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना याचा अभिमान वाटावा, पण आम्हांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे, हे न विचारलेले बरे.

आता तो ग्रंथ. त्याचे नाव ‘विसुद्धिमग्ग’, म्हणजे विशुद्धिमार्ग. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात राहून आचार्य बुद्धघोषाने तो लिहिला. त्याचे २३ परिच्छेद आहेत, आणि शील, समाधी व प्रज्ञा असे तीन भाग. नाव ऐकून वाचकाने दचकण्याचे कारण नाही. तत्त्वज्ञानाचा जड भाग त्यात पुष्कळ आहे हे खरे. तथापि समाधीचा जो भाग आहे तो एखाद्या जुन्या कारागिराने शिकाऊ मुलाला हत्यार कसे धरावे हे सांगावे, अशा थाटाचा आहे. कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ या १९२५ च्या पुस्तकात हा विषय मराठी वाचकांसाठी सोपा करून मांडला.

मन एका जागी आणण्यासाठी बुद्धघोष ४० आलंबने सांगतो. त्यांना पालीत कम्मट्ठान म्हणतात. पण तो म्हणतो, की ही सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. माणसाची प्रकृती पाहूनच आलंबन द्यावे. मग प्रकृती ओळखावी कशी? त्याने दिलेल्या खुणांपैकी एक वाचून आमच्या घरी फार हसू झाले. तो सांगतो, माणूस अंगण कसे झाडतो ते पाहा. ज्याच्या ठायी आसक्ती अधिक, तो झाडू नीट धरतो, घाई करीत नाही, वाळू उधळीत नाही, आणि सगळीकडे सारखे स्वच्छ झाडतो. ज्याच्या ठायी द्वेष अधिक, तो झाडू घट्ट आवळून धरतो, घाईघाईने दोन्ही बाजूंना वाळू उडवितो, कर्कश आवाज करतो, आणि एवढे करूनही केर राहतोच. ज्याच्या ठायी मोह, म्हणजे मनाचा गोंधळ अधिक, तो झाडू ढिला धरून इकडची वाळू तिकडे करतो. चालणे, जेवणे, निजणे यांचीही अशीच लक्षणे पुढे आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूने विहाराच्या अंगणात उभे राहून हे पाहिले असले पाहिजे. केवळ पोथीवरून असे लिहिता येत नाही.

त्याहून मला अधिक आवडले ते पुढचे. आसक्त माणसाला राहावयास साधी, पडझड झालेली, मन न रमेल अशी जागा द्यावी आणि जाडेभरडे अन्न द्यावे. पण ज्याच्या मनात राग धुमसतो त्याला मात्र छान सावलीची, पाण्याजवळची, नीटनेटकी जागा द्यावी, अन्न चवदार असावे आणि वाढणारी माणसे हसतमुख असावीत. रागीट माणसाला उपाशी ठेवून सुधारावयाचे नाही, हे त्या विरक्ताला कळले होते. आपल्या घरांतून याच्या नेमके उलट वागण्याची रीत आहे.

ज्याचे मन सारखे भटकते, एका विचारावरून दुसऱ्यावर उड्या घेते, त्याला श्वासाचे आलंबन सांगितले आहे. येथे बुद्धघोषाने जे दृष्टान्त दिले आहेत ते शेताभातातले आहेत. प्रारंभी श्वास मोजावेत, ते धान्य मोजणाऱ्या मापाड्यासारखे सावकाश. मापाडी माप भरतो, ‘एक’ म्हणून रिते करतो, पुन्हा भरू लागतो. मध्ये काडी-कचरा दिसला तर तो उचलून बाजूला टाकतो, पण तोंडाने ‘एक, एक’ चालूच ठेवतो. (आपल्याकडील मापारी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.) कचरा दिसला म्हणून मापाडी रागावत नाही, मापही सोडून देत नाही. मोजणी पाचाच्या खाली ठेवू नये, कारण मन कोंडवाड्यातील गुरांसारखे दाटीत घुसमटते. आणि दहाच्या वर नेऊ नये, कारण मग लक्ष श्वासावरून उडून आकड्यावरच बसते. आकड्यांवर पोट भरणाऱ्या मला हे दुसरे कारण चांगलेच लागू पडले.

सराव झाला की गुराख्याची मोजणी. गुराखी पहाटे खिशात खडे घेऊन गोठ्याच्या दाराशी आडव्या खांबावर बसतो आणि एकेक गाय दाराशी येताच ‘एक, दोन’ करीत खडा टाकतो. रात्रभर कोंडलेल्या गाई एकमेकींना रेटीत भराभर बाहेर पडतात, म्हणून त्याला भराभर मोजावे लागते. पण तो गाईंच्या मागे धावत नाही, गोठ्यातही डोकावीत नाही. त्याची नजर दारावर. पुढे असाच नगराच्या वेशीवरचा द्वारपाल येतो. गावात कोण आहे, गावाबाहेर कोण आहे याची विचारपूस तो करीत नाही. वेशीशी जो येईल तेवढ्याला पाहतो. मग करवतीने ओंडका कापणारा सुतार येतो. करवतीचे दात पुढे जातात, मागे येतात. सुताराचे लक्ष मात्र दात लाकडाला जेथे टेकतात त्या एका जागी असते, आणि तरी सगळा ओंडका कापला जातो. मनाचे वासरूही येथे आहे: रानगाईच्या दुधावर वाढलेले द्वाड वासरू खांबाला बांधले, की काही वेळ हिसके देते, आणि दोर तुटत नाही असे पाहून अखेर त्याच खांबाशी बसते किंवा निजते.

मला या सर्वांत एक समान सूत्र दिसले. मापाडी, गुराखी, द्वारपाल, सुतार ही सगळी पोटासाठी राबणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणाजवळही विशेष इच्छाशक्ती आहे असे बुद्धघोष म्हणत नाही. त्यांच्याजवळ असते ती बसण्याची एक ठरलेली जागा आणि रोज तेच करण्याची सवय.

१९१० मध्ये कोसंबी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले ते या ग्रंथासाठी. तेथील हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील पोथ्यांवरून ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनास प्रारंभ केला होता. लहानपणी पडल्यामुळे पाठीच्या कण्याला कायमची इजा झालेला हा मनुष्य १८९९ मध्ये वारला आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक लॅनमन यांना ज्याला सिंहली, ब्रह्मी आणि नागरी या सर्व लिपी वाचता येतात आणि पाली ज्याच्या तोंडात खेळते असा मनुष्य हवा होता; तो त्यांना साखवाळच्या या चार-पाच इयत्ता शिकलेल्या गृहस्थाच्या रूपाने मिळाला. पण ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे असावे यावरून दोघांचे बिनसले आणि कोसंबी १९१२ मध्ये काम अर्धवट टाकून परत आले. लोभ आणि क्रोध यांची मुळे शोधणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरूनच हा कलह व्हावा, याचे वाचकाला हसू येईल. मला त्यात दिलासा वाटतो. कोसंबींना राग येत असे. परंतु ग्रंथावरचे लक्ष त्यांनी त्या रागापायी सोडले नाही. मधल्या सहा वर्षांत फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले, आणि त्यानंतरही दोन वेळा. त्यांनी स्वतः संपादिलेली नागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. तोवर कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.

ज्या वर्षी कोसंबी हार्वर्डला पोहोचले त्याच वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, तेथील विख्यात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स निवर्तले. १८९० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात जेम्स यांनी सवय आणि लक्ष या दोन विषयांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा माघारी आणण्याची शक्ती हाच शीलाचा पाया, असा त्यांचाही अभिप्राय होता. मात्र नव्या सवयीविषयी ते फार कडक आहेत. सवय मुरेपर्यंत एकदाही अपवाद होऊ देऊ नये. गुंडाळीत असलेला दोऱ्याचा गुंडा हातातून एकदा सुटला की कितीतरी वेढे उलगडतात, असा त्यांचा दाखला आहे. दाखला चांगला आहे. पण मला वाटते, त्याने चांगल्या सवयींपेक्षा निराशाच अधिक निर्माण झाली असावी. एक दिवस चुकला, आता सगळे संपले, असे म्हणून किती जणांनी पहाटे उठणे, रोजनिशी लिहिणे, गाण्याचा रियाज सोडून दिला असेल! गृहस्थाच्या घरात पाहुणे येतात, ताप येतो, नळाचे पाणी भलत्याच वेळी येते. त्याला दोऱ्याच्या गुंड्यापेक्षा वासराचा दृष्टान्त अधिक मानवतो. वासरू हिसका देणारच. दोर ओढावयाचा आणि बसावयाचे.

ही सारी विद्या आता पृथ्वीप्रदक्षिणा करून आली आहे. ब्रह्मदेशात वाढलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले; १९७६ मध्ये त्यांचे केंद्र इगतपुरीस उभे राहिले; तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा असतो. इकडे अमेरिकेत, ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात कोसंबी पोथ्या ताडून पाहत बसत, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ पासून जॉन कबाट-झिन यांनी दुखणाईतांसाठी हाच अभ्यास सुरू केला. आज तर मनगटावरचे घड्याळ ‘आता श्वास घ्या’ म्हणून सूचना देते आणि माझी नात आज्ञाधारकपणे घेते. पुढच्याच क्षणी तेच घड्याळ कोणाचा तरी निरोप आल्याचे सांगून ते लक्ष हिरावून नेते, हा भाग वेगळा.

या विषयावर लिहिणारे सहसा जे सांगत नाहीत ते येथे सांगितले पाहिजे. लक्ष एका ठिकाणी गेले म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे कमी होते. कोसंबींनी घर सोडले तेव्हा त्यांची थोरली मुलगी माणिक तान्ही होती. ते परतले १९०६ मध्ये, सुमारे सात वर्षांनी. त्या सात वर्षांत बाळाबाईंचे दिवस कसे गेले असतील याची कल्पनाच करावी लागते. पुढे मुलगा दामोदर झाला, जो गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून वडिलांइतकाच ख्यातकीर्त झाला; आणखी दोन मुली झाल्या. १९१८ च्या अमेरिकेच्या प्रवासात कोसंबींनी माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले, मुलीला मुलाच्या बरोबरीने शिकविले, हे त्या काळी थोडे नव्हे. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन येथेच राहिल्या. कोसंबींना जे समाधान लाभले त्याचे मोल त्यांनी एकट्याने दिले नव्हते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, आणि त्यांनी साखवाळीतच नारळ मोजीत राहावयास हवे होते असेही मी म्हणणार नाही. पण त्यांचे उदाहरण पुढे ठेवताना बाळाबाईंना वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

बुद्धघोषालाही ही अडचण ठाऊक आहे. साधनेच्या आड येणारे दहा अडसर तो मोजून देतो: निवास, कुटुंब, लाभ, शिष्यांचा मेळा, बांधकाम, प्रवास, आप्तांचे आजारपण, स्वतःचे दुखणे, ग्रंथ आणि ऋद्धी. (नवव्या जागी ग्रंथ आहे, याची नोंद वाचनप्रियांनी घ्यावी. ऋद्धीची भीती मात्र आपल्याला नाही.) भिक्षू हे अडसर दूर करू शकतो. गृहस्थासाठी हे अडसरच आयुष्य आहे. घर, माणसे, पैसा, बांधकाम, दुखणी हे सोडून त्याने लक्ष लावावे कशाला? म्हणून भिक्षूचा मार्ग जसाच्या तसा उचलता येत नाही. त्यातील मापाड्याची रीत तेवढी उचलता येते आणि ती ह्याच गोष्टींवर चालवावी लागते.

ती माझ्यापुरती कशी चालली ते सांगतो, कारण इतरांविषयी सांगण्याइतकी माहिती मला नाही. माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली. निवृत्तीनंतर सकाळी अर्धा तास श्वास मोजण्याचा परिपाठ ठेवला. पहिल्या महिन्यात पाचापर्यंतसुद्धा पोहोचत नसे. तेव्हा जुन्या सवयीने एक वही केली. त्यात रकाने आखले: प्रकृती, पैसा, मुले, देश-राजकारण, इतर. मोजणी सुटली की मन कोठे सापडले ते आठवून त्या रकान्यात, बसणे संपल्यावर, रेघा ओढावयाच्या. आठवड्याभरात ‘इतर’ या रकान्यात जागा पुरेना. तपासनिसाला ‘किरकोळ’ खात्यात मोठी रक्कम दिसली की संशय येतो. पाहतो तो त्यातील बहुतेक रेघा एकाच गोष्टीच्या होत्या. ग्वाल्हेरला लष्करात आमचे वडिलार्जित घर होते. त्याच्या वाटणीवरून बावीस वर्षांपूर्वी दादा आणि मी यांच्यात वाकडे आले होते. मी त्याला ‘विसरलो’ होतो. निदान घरात सर्वांना तसे सांगत असे. वहीत मात्र त्याला वेगळा रकाना द्यावा लागला आणि मुलांपेक्षा त्याच्याच रेघा अधिक भरल्या. मुलांची आठवण करण्याची जी वेळ मी समजत होतो, ती वेळ मी वस्तुतः वडिलांची पितळी घंगाळी कोणाकडे गेली याचा विचार करण्यात घालवीत होतो.

मैत्रीभावनेच्या प्रकरणात बुद्धघोष म्हणतो, की प्रारंभ वैऱ्यापासून करू नये, तो जमत नाही. प्रथम स्वतःचे कल्याण चिंतावे, मग पूज्य व्यक्तीचे, मग जिवलगाचे, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही अशाचे, आणि सर्वांच्या शेवटी त्याचे. मी त्या क्रमाने गेलो. आरशातल्या म्हाताऱ्याचे कल्याण चिंतताना फार अवघडल्यासारखे झाले. पूज्य व्यक्ती म्हणून आमचे शाळेतले मास्तर आठवले, ते सोपे गेले. त्रयस्थ म्हणून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला घेतला. त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, ते विचारून घेतले. दादापाशी आलो की मोजणी सुटे. याच प्रकरणात त्याने रागावरचे उपाय एकापाठोपाठ एक सांगितले आहेत: त्या माणसाचा एखादा तरी गुण आठवावा, दुसऱ्यावर फेकण्यासाठी निखारा उचलणाऱ्याचाच हात आधी भाजतो हे आठवावे, ज्याच्यावर आपण रागावतो तो म्हणजे नेमका काय, केस की नखे की हाडे, असे विभागून पाहावे. इतके करूनही राग जात नसेल तर शेवटचा उपाय: त्याला काही द्यावे, किंवा त्याच्याकडून काही घ्यावे. इतक्या मोठ्या ग्रंथात हा उपाय इतका घरगुती आहे, की मी ते पान दोनदा पाहिले.

मागील दिवाळीला आमच्या मंडळींनी फराळाचे डबे भरले, तेव्हा मी बाजारातून एक शेर लिलो चिवडो आणविला. हा बटाट्याचा, हिरव्या मिरचीचा, ओलसर गोडसर चिवडा वडोदऱ्याचीच खासियत. लहानपणी मामा येथून घेऊन येत तेव्हा दादा त्यातले बेदाणे आधी वेचून खात असे. तो बांधून ग्वाल्हेरच्या पत्त्यावर पाठविला. चिठ्ठी लिहावयास बसलो, तीन कागद फाडले, आणि शेवटी नुसते ‘शि. सा. न.’ लिहून खाली नाव घातले. मंडळी म्हणाल्या, “एवढेच?” मी म्हटले, “तूर्त एवढेच.”

उत्तर आले नाही. सकाळच्या वहीत दादाच्या रेघा महिनाभर कमी झाल्या आणि मग, उत्तर का नाही या कारणाने, पुन्हा वाढल्या. हे मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुरचुंडी आली. मुरेन्याची तिळाची गजक, दोन डबे. चिठ्ठी नव्हती, पत्ता वहिनींच्या अक्षरात होता. डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, आमच्या घंगाळ्याचा एक सुटा झालेला पितळी कान होता. तो का पाठविला असेल हे मला अद्याप उमगलेले नाही. एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि तिकिटे मिळाली, तर आम्ही दोघे ग्वाल्हेरला जाऊन यावे असे म्हणतो आहोत. वही बरोबर न्यावी की नाही, हे अजून ठरलेले नाही.